ट्रीटमेंट संपली, पण मन अजून तिथेच आहे : ऑनलाइन माइंडफुलनेसचा माझा अनुभव, तुमचेही लिहा

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले, आज बसलेच.

माझी ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपून दीड वर्ष झालं. सर्जरी, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं, आता रोजची एक हार्मोनची गोळी आणि ठरलेले फॉलोअप. शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी फोनवर फोन, सुटलीस बाई एकदाची, आणि मीही सगळ्यांना हो हो म्हणत होते. मग साधारण तीन आठवड्यांनी एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि रडू फुटलं ते थांबेचना. ट्रीटमेंट चालू असताना मी अशी एकदाही रडले नव्हते हो. तेव्हा पुढची तारीख असायची, केमोचं पुढचं सायकल असायचं, रक्तातल्या पेशींचे काउंट वाढलेत का ते बघायचं असायचं, रडायला फुरसतच नव्हती. आणि सगळं संपल्यावर रडायला कारण उरलं नव्हतं, निदान लोकांच्या लेखी.

त्यानंतर सुरू झालं ते म्हणजे पाठ दुखली की हाडात गेला, खोकला आला की फुप्फुसात गेला, डोकं दुखलं की संपलंच. रात्री दोनला उठून मोबाइलवर शोधत बसायचं, शेजारी नवरा झोपलेला, त्याला उठवलं तर तोही घाबरणार म्हणून नाही उठवायचं. फॉलोअपच्या आधीचे दहा दिवस तर घरातल्यांशी धड बोलणं नाही. कोणी फॉलोअपचं नाव घेतलं तरी मी चिडायचे.

एका फॉलोअपला नर्सने एक कागद दिला, त्यावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १०, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे खूण करा. मी ८ वर केली आणि कागद परत देताना ओशाळले, वाटलं आता म्हणतील बरी झालीये तरी हिचं काय. पण त्या म्हणाल्या, ४ किंवा त्याच्या वर असेल तर आम्ही विचारतोच. त्यातून काउन्सेलर आणि त्यांच्याकडून हा ८ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा ऑनलाइन कोर्स, म्हणजे आत्ता मनात आणि शरीरात जे चाललंय त्याकडे बरंवाईट न ठरवता लक्ष द्यायचा सराव.

आता कोर्सबद्दल. दर आठवड्याला वेबसाइटवर नवा भाग उघडायचा, वाचायचं, ऑडिओ लावून रोज अर्धा पाऊण तास सराव करायचा आणि काय झालं ते तिथेच लिहायचं. आठवड्यातून एकदा माझ्या थेरपिस्ट ते सगळं वाचून उत्तर लिहायच्या. हे मी मुद्दाम सांगतेय कारण माझ्यासाठी कोर्स म्हणजे ती उत्तरंच होती.

पहिल्याच आठवड्यात बॉडी स्कॅन. आडवं पडायचं आणि लक्ष पायाच्या बोटांपासून सावकाश वर आणायचं. ऑडिओतला आवाज म्हणतो डाव्या पायाच्या अंगठ्यात काय जाणवतंय ते बघा. आणि माझ्या अंगठ्यात काहीच जाणवत नाही! केमोने बोटं बधिर झालीत ती अजून तशीच आहेत. मी तिथेच चिडले, ऑडिओ बंद केला आणि लिहिलं की हे माझ्यासारख्यांसाठी बनवलेलंच नाही, मला पायच जाणवत नाहीत. त्यांचं उत्तर आलं की बधिर म्हणजे नक्की कसं ते लिहाल का, सगळीकडे सारखंच का, कडा कुठे आहे. मग दुसऱ्या दिवशी कडा शोधायला पडले. अंगठ्याच्या टोकाला काहीच नाही, मग मोजा घातल्यासारखं जाडसर, मग घोट्याच्या अलीकडे बारीक मुंग्या आणि त्यानंतर नेहमीचा पाय. वीस मिनिटं मी माझ्या पायाकडे बघत होते आणि त्या वीस मिनिटांत एकदाही रिकरन्सचा, म्हणजे कॅन्सर परत येण्याचा, विचार आला नाही, हे उठल्यावर लक्षात आलं.

पाय झाले, पण छातीपाशी आलं की मी उडी मारून थेट खांद्यावर जायचे. चार आठवडे तेच. थेरपिस्टनी कधी ढकललं नाही, एवढंच लिहिलं की उडी मारतोय हे कळतंय ना, तेवढं पुरे आहे सध्या. सहाव्या आठवड्यात एकदा थांबले तिथे. व्रणापाशी ओढ लागल्यासारखं, काखेकडे सुन्न, आणि खूप वाईट वाटलं, रडले पण, पण ते घड्यांच्या दिवशीसारखं नव्हतं. हे रडू कशाचं आहे ते मला माहीत होतं.

भीती गेली का? नाही गेली. पण आधी पाठ दुखली की मी थेट माझ्या मरणापर्यंत पोचायचे, आता मधेच कुठेतरी कळतं की पाठ दुखतेय आणि मी घाबरलेय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना विचारायचं हे ठरलेलं आहे, तोवर पाठ म्हणजे पाठ. हे ऐकायला किरकोळ वाटेल पण माझ्या रात्री परत मिळाल्या यातून.

कोणी केलंय का असं काही? जमलं, नाही जमलं, दोन्ही लिहा. परवा माझा सहा महिन्यांचा स्कॅन आहे, म्हणूनही कदाचित आज लिहायला बसलेय.

अर्धविराम

ताई, कपड्यांच्या घड्यांचं वाचून एकदम गलबललं. माझं कोलनचं, म्हणजे मोठ्या आतड्याचं, तीन वर्षं झाली. मला रडू नाही येत, मला राग येतो, मुलाने जोरात दार लावलं तरी येतो.

मी एक अॅप घेतलं होतं ध्यानाचं. तीन आठवडे केलं आणि सोडलं. डोळे मिटले की विचार दुप्पट, एक थांबवला की दुसरा. शेवटी वाटायला लागलं की हेही आपल्याला जमत नाही, म्हणजे आणखी एक गोष्ट नापास. त्या अॅपला माझा कॅन्सर माहीतच नव्हता, ते म्हणायचं तुमचं शरीर हे तुमचं सुरक्षित घर आहे. सुरक्षित कुठलं? ह्याच घराने दगा दिला ना.

मनगुंजन

मी काउन्सेलर आहे, कॅन्सर पेशंट आणि घरच्यांसोबतच काम करते, त्यामुळे न राहवून लिहितेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

अर्धविराम, तुम्ही नापास नाही झालात. विचार थांबवणं हा सरावाचा भागच नाहीये. मन भटकलं, भटकलंय हे कळलं, परत आणलं, एवढाच व्यायाम आहे आणि तो तुम्ही दर दोन सेकंदांनी करत होतात, फक्त तुम्हाला कोणी तसं सांगितलं नाही. सांगायला माणूस नसला की अॅप असं सुटतं. "शरीर म्हणजे सुरक्षित घर" हे वाक्य कॅन्सर झालेल्या माणसासमोर वापरायचं नसतं हेही माणसाला कळतं, रेकॉर्डिंगला नाही.

थोडी पार्श्वभूमी. हे सगळं सुरू झालं १९७९ साली, जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये, दुखणं हटत नव्हतं अशा पेशंटसाठी. ८ आठवडे, आठवड्याला एक सेशन आणि घरी रोज सराव, असा साचा पुढे ठरला आणि आजही तोच आहे. मुळं बौद्ध ध्यानात आहेत पण कोर्समध्ये धर्माचं काही नसतं. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीझडेल या तिघांनी त्यात कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचारांच्या सवयी ओळखून त्यावर काम करायची पद्धत, मिसळली, वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांसाठी. ताईंनी केला तो बहुतेक त्या घराण्यातला. कॅन्सरसाठी खास बेतलेला प्रकार कॅनडात कॅल्गरीला लिंडा कार्लसन आणि मायकल स्पेका यांनी केला, त्यांचा पहिला अभ्यास २००० सालचा.

आणि ऑनलाइन चालतं का, तर नेदरलँड्समध्ये यावर चांगला अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. मनाचा त्रास जास्त असलेले २४५ कॅन्सर पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले, एक गट प्रत्यक्ष भेटून, एक गट ऑनलाइन आणि एक नेहमीच्या उपचारांवर. भेटून आणि ऑनलाइन दोन्ही गटांचा त्रास तिसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला. पण नीट बघा, त्यातलं ऑनलाइन म्हणजे ताईंनी लिहिलंय तेच, एकेकट्याने करायचं आणि थेरपिस्ट दर आठवड्याला लिहून उत्तर देणार. नुसता ऑडिओ नव्हे. त्यामुळे त्या अभ्यासाचं नाव घेऊन कोणी तुम्हाला निव्वळ अॅप विकत असेल तर ते बरोबर नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अॅस्कोने, इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजीच्या (कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारांना ध्यान, योग अशांची जोड देणाऱ्या) संस्थेबरोबर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात अँग्झायटी आणि डिप्रेशनच्या लक्षणांसाठी माइंडफुलनेसची शिफारस आहे, ट्रीटमेंट चालू असताना आणि संपल्यावरही.

चिकित्सक_मन

प्रांजळपणे विचारतो, कोणाला दुखवायचं नाही. शेवटी हे पॉझिटिव्ह थिंकिंगच ना? माझ्या आईला शेवटपर्यंत सगळे सांगत होते मन खंबीर ठेव म्हणजे बरी होशील. ती गेली आणि जाताना तिला वाटत होतं की आपलंच मन कमी पडलं. तेव्हापासून मन आणि कॅन्सर एका वाक्यात आले की माझ्या अंगावर काटा येतो. कुठेतरी हेही वाचलं की ध्यानाने टेलोमिअर, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं, लांब राहतात, म्हणजे परत तेच सुचवायचंय ना?

कोवळं_ऊन

@चिकित्सक_मन, तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. त्यांचं मन कुठेही कमी पडलं नव्हतं हो. तो आजार आहे, परीक्षा नव्हे.

आणि नाही, हे पॉझिटिव्ह थिंकिंग नाही, उलट मला त्यातून सोडवलं ते यानेच. पॉझिटिव्ह राहा म्हणणाऱ्यांमुळे मी घाबरायलाही घाबरत होते, वाटायचं माझी भीतीच त्या पेशींना खाऊ घालतेय. तिसऱ्या आठवड्यात मी लिहिलं होतं की आज सरावात फक्त भीतीच होती, सॉरी. उत्तर आलं की सॉरी कशाला, भीती शरीरात कुठे होती ते सांगा. घशात होती, गोटीसारखी. तिला घालवायचं नव्हतं, आहे म्हणून मान्य करायचं होतं, बस.

मनगुंजन

@चिकित्सक_मन, तुमचा काटा योग्य आहे. माइंडफुलनेसने कॅन्सर बरा होतो किंवा परत येत नाही असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. टेलोमिअरचा अभ्यास कॅल्गरीच्याच लोकांचा आहे, ८८ स्तनकर्करोगातून बाहेर आलेल्या स्त्रियांवर, त्यात कोर्स किंवा सपोर्ट ग्रुप घेतलेल्यांचे टेलोमिअर टिकून राहिले आणि बाकीच्यांचे थोडे आखूड झाले. पण तेवढ्या काळात तेवढ्या बायकांमध्ये तेवढंच दिसलं. त्यातून आयुष्य वाढतं असं त्या संशोधकांनीही म्हटलेलं नाही. आपण इथे बोलतोय ते मनाच्या त्रासाबद्दल, झोपेबद्दल, माणसांशी नीट बोलता येण्याबद्दल. मनाचा त्रास हा स्वतंत्र त्रास आहे आणि त्यावर उपचार घ्यायला तेवढं कारण भरपूर आहे.

पाऊलवाट

मला न जमल्याचा अनुभव लिहायचाय. माझं फुप्फुसाचं ऑपरेशन झालंय, एक भाग काढलाय. ऑनलाइन ग्रुप होता, तीसेक जण स्क्रीनवर, शिकवणारे म्हणाले श्वासाकडे लक्ष द्या. श्वासाकडे लक्ष दिल्यादिल्या मला तो कमी पडतोय असं वाटायला लागलं, मग आणखी जोरात घ्यायला लागले, हात थंड, छातीत धडधड. मी चॅटमध्ये लिहिलं की त्रास होतोय. उत्तर आलं, त्रासासोबत राहा, श्वासाबरोबर राहा. मी लॅपटॉप बंद केला तो बंदच. कोणी नंतर फोन पण केला नाही. कोणाचं नाव घेत नाही, त्यांचा हेतू वाईट नसेल, पण मी चार दिवस घाबरून होते.

मनगुंजन

@पाऊलवाट, तुम्ही बंद केलंत ते अगदी बरोबर केलंत. "त्रासासोबत राहा" हे त्या क्षणी सांगायचं वाक्य नव्हतंच. श्वासाने त्रास होतोय म्हणणाऱ्या माणसाला श्वासावरच बसवून ठेवायचं नसतं. लक्ष टेकवायला श्वासच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही, पायाचे तळवे जमिनीला लागतायत तिथे टेकवा, हात मांडीवर आहेत त्याचं वजन, बाहेरचे आवाज, डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीचा रंग, काहीही चालतं. वाढायला लागलं की थांबायचं, उठायचं, थंड पाण्याचा ग्लास हातात धरायचा, कोणाशी तरी बोलायचं.

यावरून सगळ्यांसाठीच, कोर्स घेण्याआधी विचारा की आधी एकट्याशी बोलणं होतं का, कारण चांगले शिकवणारे आधी तुमचा आजार, आधीचे धक्के, सध्याची औषधं, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे सगळं विचारून मगच घेतात, आणि सेशनमध्ये कोणाला जड गेलं तर वेगळं कोण बोलणार, मधल्या दिवसांत कुठे लिहायचं, हेही ठरलेलं असतं. तीस जण आणि एकच शिकवणारा असेल तर स्क्रीनवर कोणाचा चेहरा पांढरा पडला ते दिसणार कसं? आणि डिप्रेशन खोल असेल, उठवत नसेल, जगू नये वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, कोर्स नंतर बघता येईल. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, कोर्स चांगला चाललाय म्हणून तर अजिबात नको.

पाऊलवाट

तळव्यांचं आत्ता करून बघितलं. दोनच मिनिटं. धडधड नाही झाली. थँक यू.

रातकिडा

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न झोपेचा. लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), ट्रीटमेंट संपून वर्ष. बाकी मन ठीक आहे पण तीनला डोळे उघडतात ते सकाळपर्यंत. त्याला उपयोग होईल का हा कोर्स?

मनगुंजन

@रातकिडा, फक्त झोपच असेल तर आधी झोपेसाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी विचारा, सीबीटी-आय म्हणतात तिला, तीही ऑनलाइन मिळते. २०१४ मध्ये कॅन्सर पेशंटवर दोन्हींची तुलना झाली होती, १११ जण होते. कोर्स संपला तेव्हा सीबीटी-आय पुढे होती, काही महिन्यांनी बघितलं तर माइंडफुलनेसवालेही जवळपास तिथे पोचले होते. म्हणजे फरक लवकर हवा असेल तर पहिली. तीनला उठून पुढचा स्कॅन आठवत असेल तर मात्र दुसरीचा विचार करा. आणि रात्री घाम येऊन जाग येत असेल तर लिम्फोमावाल्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगायचं, हे अंगावर काढू नका.

सोबतीण

मी पेशंट नाही, माझ्या ह्यांना झाला होता. अर्धविराम यांनी दाराच्या आवाजाचं लिहिलंय ते आमच्याच घरातलं वाटलं. हे कोर्स वगैरे काही करणार नाहीत, मला काही झालेलं नाही म्हणतात. मी एकटीने केला तर चालेल का, का ते पेशंटसाठीच असतं? खरं सांगायचं तर मीही थकलेय. दोन वर्षं मी फायली सांभाळल्या, डबे केले, हसत राहिले, आणि आता ते बरे आहेत तर मला कशाचंच काही वाटेनासं झालंय.

अर्धविराम

सोबतीण ताई, मी त्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो. मला काही झालेलं नाही असं आम्ही म्हणतो कारण तुमच्यावर आणखी ओझं नको असतं. मला कोणी कोर्स कर म्हटलं की राग यायचा. बायकोने एकदा फक्त विचारलं, तुला कसली भीती वाटते, आणि गप्प बसली, उत्तराची घाई केली नाही. मग पंधरा मिनिटांनी मी बोललो. तुम्ही तुमच्यासाठी करा, त्यांच्यासाठी म्हणून नको.

कोवळं_ऊन

सोबतीण, जरूर करा. थेरपिस्ट म्हणाल्या होत्या, एका पेशंटच्या मुलीनेही हा कोर्स केलाय. आणि कशाचंच काही वाटत नाही हे त्या काउन्सेलरना पहिल्याच बोलण्यात सांगा, अगदी याच शब्दांत, लपवू नका.

सगळ्यांना अजून एक, ऑनलाइनचा फायदा मला का झाला तर माझा थकवा. कपडे बदलून, प्रवास करून, चार लोकांत बसायचं त्राणच नव्हतं. आणि केस धड आले नव्हते तेव्हा कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. लिहिताना मी जे लिहिलं ते समोर बसून कधीच बोलले नसते. तोटा पण आहे, चौथ्या आठवड्यात मी सलग नऊ दिवस वेबसाइट उघडलीच नाही, घरात कोणाला कळलंही नाही. थेरपिस्टनी मेल केला तेव्हा परत सुरू झालं. तो मेल आला नसता तर हा धागाही आला नसता. केमोनंतर डोक्याचं जे होतं, शब्द न आठवणं, वाचलेलं विसरणं, त्याने मोठे ऑडिओ जमत नसतील तर दहा मिनिटांचे मागून घ्या, देतात.

चिकित्सक_मन

कोवळं_ऊन, मनगुंजन, दोघींनी नीट उत्तर दिलंत, आभार. आई असती तर तिला तो घशातल्या गोटीचा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. ताई, स्कॅन कसा झाला ते लिहा.

कोवळं_ऊन

झाला स्कॅन, आत्ताच घरी आले.

बाहेर खुर्चीत बसले होते, हातात टोचलेली सुई, नंबर यायला उशीर. दर वेळी मी तिथे मोबाइलवर जुने रिपोर्ट परत परत उघडते, आकडे तोंडपाठ असून. आज मोबाइल काढला, आणि काढलेला हात दिसला मला. कोर्समध्ये तीन मिनिटांचा छोटा सराव असतो, कुठेही करता येतो. आत्ता काय चाललंय ते बघितलं, भीती, घशात गोटी, सुईपाशी गार. मग थोडा वेळ फक्त श्वास. मग सगळं अंग, खुर्ची, पाय. तोवर शेजारच्या बाई म्हणाल्या, पहिलीच वेळ का तुमची? मी म्हटलं नाही, पाचवी, तुमची? त्यांची पहिली होती. हात धरला मग त्यांनी माझा, का मी त्यांचा, माहीत नाही, आणि नंबर येईपर्यंत तसेच बसलो.

रिपोर्ट परवा. गोटी आहे अजून. रात्री अर्धा तास बॉडी स्कॅन करून झोपणार आहे, छातीवरून उडी मारावीशी वाटली तर मारेन.

@पाऊलवाट, श्वास न वापरता फक्त तळव्यांवरचा एक छोटा ऑडिओ आमच्या थेरपिस्टनी दिला होता. दुसऱ्यांना द्यायला चालेल का ते त्यांना विचारलंय, हो म्हणाल्या तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.